घरच्या लॅपटॉपवरचे टॉरेंट फोनवरून कसे सांभाळायचे

साताऱ्याच्या घरी हॉलमधल्या कपाटावर माझा जुना लॅपटॉप ठेवलेला आहे. शेजारी राउटर, मागे २ टीबीची बाहेरची डिस्क. मी राहतो पुण्यात, भाड्याच्या खोलीत, मोबाइल डेटावर. रोजच्या दोन-अडीच जीबीत मोठे काही उतरवायचे म्हटले तर आठवडा जातो. घरी मात्र फायबर आहे आणि दिवसभर ते नुसते पडून असते. म्हणून उतरवण्याचे काम घरचा लॅपटॉप करतो आणि त्याला काय करायचे ते मी पुण्यातून फोनवर सांगतो. बसमध्ये उभ्या उभ्या लिंक पाठवायची, रात्री किती झाले ते बघायचे, डिस्क भरत आली तर जुने काढायचे. फोनचा डेटा यात जवळजवळ खर्च होत नाही, कारण फाइल घरी उतरते, फोनवर येते ती फक्त यादी.

ही मांडणी तीन-चार तासांत उभी राहते. मात्र बरेच जण यात एक धोकादायक चूक करतात: बाहेरून पोहोचता यावे म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याची वाट, उघडतात. तसे करू नका. घराचे दार रस्त्याकडे उघडण्याऐवजी आपला फोनच घराच्या आत न्यायचा, एवढे एक सूत्र धरले तर बाकी सगळे सोपे आहे. ते कसे करायचे, हेच पुढे सांगतो.

टॉरेंट म्हटले की लोकांना चोरीचे सिनेमे आठवतात, म्हणून एक गोष्ट आधी. टॉरेंटमध्ये फाइल एका जागेवरून न येता ती असलेल्या अनेकांकडून तुकड्यातुकड्यांनी येते. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटॉरेंट ही पद्धत आणली ती मोठ्या फाइली एकाच सर्व्हरवर भार न टाकता वाटता याव्यात म्हणून, आणि त्यासाठी ती आजही उत्तम आहे. डेबियन, उबुंटू, फेडोरा, लिनक्स मिंट या लिनक्सवरच्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या आवृत्त्या टॉरेंटनेही देतात. किविक्सवर संपूर्ण विकिपीडिया ऑफलाइन वाचण्यासाठी मिळतो. इंग्रजीची चित्रांसह प्रत १०० जीबीच्या पुढे जाते, मराठीची त्या मानाने अगदी छोटी आहे. इंटरनेट आर्काइव्ह हे ऑनलाइन ग्रंथालय २०१२ पासून टॉरेंट देते आणि तिथे जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रतींचा मोठा साठा आहे. भारतात बहुतेक पुस्तकांचा कॉपीराइट लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी संपतो, तेव्हा उतरवण्याआधी तेवढे वर्ष बघून घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, आणि टॉरेंटमध्ये आपण उतरवता उतरवता वाटतही असतो, हे विसरू नका.

आधी लॅपटॉपची तयारी

चोवीस तास चालू ठेवायला मी जुना लॅपटॉपच सुचवेन. डेस्कटॉपपेक्षा वीज कमी खातो, आणि बॅटरी थोडीशी जरी शिल्लक असेल तरी वीज गेल्यावर लगेच बंद पडत नाही. आपल्याकडे हे फार मोलाचे आहे. राउटरला मात्र बॅटरी नसते. त्याच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, पण ९ व्होल्टचेही आहेत, आणि चुकीचा जोडला तर राउटर जळू शकतो.

विंडोजमध्ये पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन चार्जर जोडलेला असताना 'स्लीप' कधीच होऊ नये असे करा. झाकण मिटल्यावर काय व्हावे, तिथे 'डू नथिंग' निवडा. स्क्रीन बंद झाली तर हरकत नाही. लॅपटॉपच्या कंपनीने चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय दिली असेल तर ती चालू करा, कारण बॅटरी वर्षानुवर्षे शंभर टक्क्यांवर ठेवली की फुगू शकते. महिन्यातून एकदा घरच्या कोणाला तरी लॅपटॉप उचलून बघायला सांगा: तळ फुगून बाहेर आलाय का, टचपॅड उचललाय का. फुगलेली दिसली तर लॅपटॉप बंद करून ती बॅटरी काढून घ्यायलाच हवी, इथे चालढकल नको. लॅपटॉप कपाटाच्या आत, कपड्यांवर किंवा उशीवर ठेवू नका. खालून हवा खेळली पाहिजे.

विंडोज अपडेट रात्री मशीन रीस्टार्ट करते आणि सकाळी लॅपटॉप लॉगिनच्या पडद्यावर वाट बघत बसतो. यावर दोन उपाय आहेत. 'ॲक्टिव्ह अवर्स' १८ तासांपर्यंत वाढवता येतात, तेवढे वाढवा. आणि 'साइन-इन ऑप्शन्स'मध्ये अपडेटनंतर माझ्या माहितीने आपोआप साइन-इन पूर्ण कर अशा अर्थाचा पर्याय आहे, तो चालू करा.

बाहेरची डिस्क जुनी असेल तर ती कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केली आहे ते बघा. फॅट-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल तिच्यावर बसतच नाही, आणि उबुंटूची डेस्कटॉप आवृत्तीच आता ५ जीबीच्या पुढे गेली आहे. विंडोजसाठी एनटीएफएस करून घ्या. फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचे सगळे जाते, तेव्हा आधीचे फोटो वगैरे दुसरीकडे हलवा. मग 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन डिस्कला कायमचे अक्षर द्या, म्हणजे ई किंवा टी, जे हवे ते. नाहीतर एखादा पेनड्राइव्ह लावल्यावर अक्षर बदलते आणि सगळे टॉरेंट 'फाइल सापडत नाही' म्हणून लाल होतात.

क्यूबिटटॉरेंट आणि त्याचे वेब पान

टॉरेंट उतरवायला मी क्यूबिटटॉरेंट हा प्रोग्राम वापरतो. मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, जाहिरात नाही, आणि फोनसाठी लागणारे वेब पान त्यातच आहे. ते क्यूबिटटॉरेंट डॉट ऑर्ग या मूळ जागेवरूनच घ्या. हेच नाव आणि वेगळे शेपूट असलेल्या जागांवरून नको. आवृत्ती ५.०.१ किंवा त्यानंतरची असावी. त्याआधीच्या आवृत्त्या काही गोष्टी उतरवताना समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासतच नव्हत्या. ही चूक २०१० पासून होती आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ५.०.१ मध्ये दुरुस्त झाली.

प्रोग्राम उघडून 'टूल्स', मग 'ऑप्शन्स'. 'बिहेवियर'मध्ये विंडोज सुरू होताना क्यूबिटटॉरेंट सुरू व्हावे ही खूण करा. 'डाउनलोड्स'मध्ये बाहेरच्या डिस्कवरचे फोल्डर द्या. अर्धवट फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवण्याची सोय आहे, ती वापरा. काय पूर्ण झाले आणि काय नाही हे घरच्यांनाही कळते.

आता 'वेब यूआय'चे पान. सगळ्यात वरची खूण केली की वेब पान चालू होते. पत्त्याच्या जागी ताऱ्याचे चिन्ह असते ते तसेच राहू द्या. पोर्ट ८०८० असतो. तो दुसऱ्या कोणत्या प्रोग्रामने धरला असेल तर ८०९० करा. त्याच्या खाली राउटरमधून यूपीएनपीने, म्हणजे प्रोग्रामने राउटरला सांगून आपोआप, पोर्ट उघडण्याची खूण असते. ती काढलेलीच असली पाहिजे. ही खूण राहिली तर राउटर तुम्हाला न विचारता तुमचे पान जगासाठी उघडू शकतो.

मग नाव आणि पासवर्ड. नाव 'ॲडमिन' असते, ते बदला. पासवर्ड लांब ठेवा, फोनच्या पासवर्ड मॅनेजरने तयार केलेला वीस अक्षरी असेल तर उत्तम. पूर्वी क्यूबिटटॉरेंटचा ठरलेला पासवर्ड 'ॲडमिनॲडमिन' होता. कितीतरी लोकांनी तो तसाच ठेवला आणि पान बाहेर उघडे सोडले. टॉरेंट पूर्ण झाल्यावर आपल्या पसंतीचा प्रोग्राम चालवण्याची एक सोय क्यूबिटटॉरेंटमध्ये आहे; चोरांनी तीच पकडली आणि लोकांच्या मशीनवर क्रिप्टो नाणी खणणारे प्रोग्राम बसवले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ४.६.१ आवृत्तीपासून तो ठरलेला पासवर्ड काढून टाकला आहे. तुमच्याकडे जुनी आवृत्ती वर्षानुवर्षे चालू असेल तर आज रात्रीच 'रन एक्स्टर्नल प्रोग्राम'चा रकाना उघडून बघा. तिथे तुम्ही न लिहिलेले काही दिसले तर लॅपटॉप इंटरनेटपासून तोडा आणि विंडोज नव्याने टाका.

घरातल्याच वायफायवर आहे, मग पासवर्ड कशाला, असे वाटेल. ट्रान्समिशन या दुसऱ्या प्रसिद्ध टॉरेंट प्रोग्राममध्ये जानेवारी २०१८ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झिरो या सुरक्षा-त्रुटी शोधणाऱ्या गटातील टॅव्हिस ऑरमंडी यांनी एक भोक दाखवले होते: तुम्ही ब्राउझरमध्ये एखादे वाईट पान उघडले, तर त्या पानाला तुमच्याच मशीनवरच्या ट्रान्समिशनला हुकूम देता येत होते. पासवर्ड लावलेला असता तर ते जमले नसते. म्हणून घरातही पासवर्ड हवा, आणि 'या मशीनवरून आल्यास पासवर्ड विचारू नको' ही सूट देऊ नका. चुकीचा पासवर्ड ५ वेळा टाकला की तो पत्ता तासभर बंद होतो, ही सोय आधीपासून असते. तिला हात लावू नका.

घरातल्या घरात आधी चालवून बघा

बाहेर जाण्याआधी घरच्या वायफायवर सगळे नीट चालले पाहिजे. इथे घाई केली तर पुढे चूक कुठे आहे ते कळत नाही.

लॅपटॉपचा घरातला पत्ता विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये दिसतो, समजा १९२.१६८.१.५०. जिओच्या राउटरवर तो १९२.१६८.२९ ने सुरू होतो. राउटर हा पत्ता अधूनमधून बदलू शकतो, म्हणून राउटरच्या पानावर 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' शोधा आणि लॅपटॉपसाठी तो पक्का करा. मग फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.५०:८०८० असे इंग्रजी आकड्यांत लिहा. लॉगिनचे पान यायला हवे.

पान न येता नुसते फिरत राहिले तर नव्वद टक्के वेळा विंडोजचे फायरवॉल आड येते. वायफायच्या प्रोफाइलमध्ये नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे का बघा. 'पब्लिक' असेल तर बदला. मग फायरवॉलच्या परवानगीच्या यादीत क्यूबिटटॉरेंटसमोर 'प्रायव्हेट'ची खूण करा. तरीही नाही आले तर फोन 'गेस्ट' वायफायवर तर नाही ना ते तपासा, कारण गेस्टवरून घरातली बाकी यंत्रे दिसतच नाहीत.

पोर्ट का उघडायचा नाही, आणि बहुतेकांना तो उघडताही का येत नाही

जुने लेख वाचले तर पुढची पायरी 'पोर्ट फॉरवर्डिंग' असते: राउटरला सांगायचे की बाहेरून ८०८० वर कोणी आले तर लॅपटॉपकडे पाठव. एके काळी मीही ते केले होते, त्या वेळी घराला इंटरनेटवर स्वतःचा सार्वजनिक पत्ता होता. दोनच दिवसांनी क्यूबिटटॉरेंटची नोंदवही उघडली, तर कुठल्या कुठल्या अनोळखी पत्त्यांवरून लॉगिन करायचे प्रयत्न झालेले दिसले. मी पत्ता कोणालाच दिलेला नव्हता. उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम सतत सगळे इंटरनेट चाळत असतात. त्यांना तुम्ही कोण आहात याच्याशी देणेघेणे नसते, दार उघडे आहे एवढे पुरते. मी ते पोर्ट त्याच रात्री बंद केले.

शिवाय आता बहुतेक घरांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतही नाही. इंटरनेटचे जुने पत्ते संपत आल्यामुळे कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. अख्ख्या चाळीला एकच टपालपेटी असावी तसे: तुम्ही पत्र पाठवले तर उत्तर बरोबर तुमच्या खोलीत येते, पण बाहेरच्याने आपणहून पाठवलेले पत्र कोणत्या खोलीत द्यायचे हे पेटीला ठाऊक नसते. तुमचे तसे आहे का हे बघायला राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' बघा आणि ब्राउझरमध्ये 'माझा आयपी कोणता' असे शोधा. दोन्ही वेगळे असतील, किंवा राउटरमधला पत्ता १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. २०१२ मध्ये पत्त्यांचा तो पट्टा याच कामासाठी राखून ठेवला गेला. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून कोणी येत नाही.

टेलस्केल: फोनला घरात आणणे

यावरचा उपाय म्हणजे खाजगी व्हीपीएन. जाहिरातीत दिसणारा, देश बदलून दाखवणारा व्हीपीएन इथे उपयोगाचा नाही. इथे फक्त तुमचा फोन आणि तुमचा लॅपटॉप एका बंद जाळ्यात येतात. मी टेलस्केल वापरतो. ते वायरगार्ड या व्हीपीएनवर उभे आहे, जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेले वायरगार्ड २०२० मध्ये लिनक्सच्या मूळ गाभ्यातच आले. घरगुती वापराला टेलस्केलची मोफत योजना पुरते. दोन्ही यंत्रे आतून बाहेर हाक मारतात आणि मधे भेटतात, म्हणून सीजीनॅट आड येत नाही आणि राउटरला हातही लावावा लागत नाही.

लॅपटॉपवर टेलस्केल टाका आणि गूगल, मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपलच्या खात्याने लॉगिन करा. आता हे खाते म्हणजे तुमच्या घराची किल्ली झाली, तेव्हा त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू असलीच पाहिजे. फोनवर तेच ॲप टाकून त्याच खात्याने लॉगिन करा. दोन्ही यंत्रे एकमेकांच्या यादीत दिसू लागतील आणि लॅपटॉपला १०० ने सुरू होणारा नवा पत्ता मिळेल, समजा १००.९०.१०.२०. हा पत्ता फक्त तुमच्या जाळ्यात चालतो आणि तो बदलत नाही.

आता फोनचे वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू ठेवा, आणि ब्राउझरमध्ये १००.९०.१०.२०:८०८० लिहा. तेच लॉगिनचे पान दिसले की मुख्य काम झाले. आकडे लक्षात ठेवायचे नसतील तर टेलस्केलच्या 'मॅजिक डीएनएस'मुळे लॅपटॉपचे नाव लिहूनही जाता येते. घरात हे पान वायफायवर पासवर्डने चालते आणि बाहेरून वायरगार्डच्या बोगद्यातून, त्यामुळे वर एचटीटीपीएसची खटपट वेगळी करावी लागत नाही.

पुढच्या दोन गोष्टी आत्ताच केल्या नाहीत तर सहा महिन्यांनी, नेमके तुम्ही लांब असताना, लॅपटॉप गायब होतो. पहिली: टेलस्केलची किल्ली १८० दिवसांनी संपते आणि यंत्रावर पुन्हा लॉगिन करावे लागते. टेलस्केलच्या वेब पानावर यंत्रांच्या यादीत लॅपटॉपसमोरच्या तीन टिंबांवर जाऊन 'डिसेबल की एक्स्पायरी' करा. फक्त घरच्या लॅपटॉपसाठी करा, फोनसाठी नको. फोन हरवू शकतो. दुसरी: लॅपटॉपवर टेलस्केलच्या मेनूत 'रन अनअटेंडेड' चालू करा, म्हणजे कोणी लॉगिन केलेले नसतानाही जोडणी राहते.

फोनवर एक अडचण येते. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, आणि काही बँकांची ॲप व्हीपीएन चालू दिसला की उघडत नाहीत. टेलस्केलच्या सेटिंगमध्ये ॲप वगळण्याची सोय आहे, तिथे बँकेची आणि यूपीआयची ॲप वगळून टाका. आणि फोनच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये टेलस्केलला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, नाहीतर काही फोन ते पाठीमागे बंद करून टाकतात.

ज्यांच्याकडे खरा सार्वजनिक पत्ता आहे आणि राउटरमध्येच वायरगार्ड आहे, त्यांनी टेलस्केलशिवाय थेट वायरगार्ड चालवला तरी चालेल. त्यात पोर्ट उघडावा लागतो, पण किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाळणाऱ्याला तिथे काही आहे हे दिसत नाही.

फोनवरचे ॲप

ब्राउझरमधले पान चालते, पण मूळ पान मोठ्या पडद्यासाठी बनवलेले आहे आणि फोनवर बोटाने बारीक बारीक जागा दाबाव्या लागतात. अँड्रॉइडवर ट्रान्सड्रॉइड आणि क्यूबिटकंट्रोलर ही दोन्ही मुक्त स्रोत ॲप आहेत आणि एफ-ड्रॉइड या मुक्त स्रोत ॲपच्या दुकानात मिळतात. मला क्यूबिटकंट्रोलर सुटसुटीत वाटते, कारण ते फक्त क्यूबिटटॉरेंटसाठीच आहे. ट्रान्सड्रॉइड ट्रान्समिशन, डेल्यूज अशा बऱ्याच प्रोग्रामशी बोलते. ॲपमध्ये नवा सर्व्हर जोडताना टेलस्केलचा पत्ता, पोर्ट, नाव आणि पासवर्ड द्या. मग ब्राउझरमध्ये मॅग्नेट लिंक, म्हणजे टॉरेंट सुरू करणारी लिंक, दाबली की फोन कोणत्या ॲपने उघडू असे विचारतो. हे ॲप निवडले की टॉरेंट थेट साताऱ्यात सुरू होतो. पहिल्यांदा ते बघताना मला जो आनंद झाला तो अजून आठवतो.

आयफोनवर सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग म्हणजे व्ह्यूटॉरेंट. हे क्यूबिटटॉरेंटचेच वेगळे वेब रूप आहे, फोनला साजेसे. त्याची झिप लॅपटॉपवर उघडा, आणि 'वेब यूआय'च्या पानावर 'यूज अल्टरनेटिव्ह वेब यूआय'मध्ये ज्या फोल्डरच्या आत 'पब्लिक' नावाचे फोल्डर आहे त्या वरच्या फोल्डरचा मार्ग द्या. 'पब्लिक'चा मार्ग दिला तर पान कोरे येते. इथे बरेच जण अडकतात. मग सफारीत ते पान उघडून 'ॲड टू होम स्क्रीन' करा. अँड्रॉइडवाल्यांनाही हे आवडेल.

रोजच्या वापरात

पहिल्याच दिवशी अपलोडला मर्यादा घाला, नाहीतर घरच्यांचा फोन येईल की व्हिडिओ कॉल अडकतोय. अपलोडची वाट पूर्ण भरली की डाउनलोडसुद्धा रखडते, कारण पाने मागणारे छोटे संदेशही त्याच वाटेने जातात. 'स्पीड'च्या पानावर आकडे केआयबी (१,०२४ बाइट) प्रति सेकंद असतात आणि इंटरनेट कंपनी मेगाबिटमध्ये सांगते, त्यामुळे गोंधळ होतो. ढोबळ हिशेब असा: १०० मेगाबिट म्हणजे सुमारे १२,००० केआयबी. अपलोडच्या सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर मर्यादा ठेवा, म्हणजे १०० च्या जोडणीवर ९,००० च्या आसपास. त्याच पानावर दुसरी, कमी मर्यादा ठरवून तिचे वेळापत्रक लावता येते. आमच्याकडे संध्याकाळी ७ ते ११ कमी वेग असतो, आई-बाबांची मालिकांची आणि नातवंडांशी बोलायची वेळ. रात्री ११ नंतर पूर्ण मोकळीक. अचानक काही लागले तर फोनवरून एका बोटाने कमी वेग चालू करता येतो. महिन्याच्या डेटाची मर्यादाही बघून ठेवा. 'अमर्याद' म्हणवणाऱ्या बऱ्याच योजनांत ३,३०० जीबीनंतर वेग उतरतो.

'कॅटेगरी' करून ठेवा: लिनक्स, पुस्तके, विकिपीडिया. प्रत्येकीला वेगळे फोल्डर दिले की फोनवरून टॉरेंट टाकताना फक्त कॅटेगरी निवडायची, फाइल आपोआप आपल्या जागी जाते.

काढून टाकताना सावकाश. 'डिलीट' दाबल्यावर फाइलीही काढायच्या का अशी खूण येते. ती केली तर डिस्कवरची फाइल जाते, आणि शंभर किलोमीटरवरून ती परत आणायला दुसरा उपाय नसतो. छोट्या पडद्यावर ही खूण चुकून पटकन लागते. मी आधी नेहमी फक्त टॉरेंट थांबवतो, घरी गेल्यावर फाइली बघतो, मगच काढतो.

काम संपल्याची वर्दी हवी असेल तर 'डाउनलोड्स'च्या पानावर खाली ईमेलची सोय आहे. जीमेल वापरणार असाल तर तुमचा नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही; दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा 'ॲप पासवर्ड' काढावा लागतो. शक्यतो यासाठी वेगळेच जीमेल खाते करा, म्हणजे मुख्य खात्याची किल्ली लॅपटॉपवर पडून राहत नाही.

आणखी एक गोष्ट जी टेलस्केलने सुटत नाही. सीजीनॅटच्या मागे असताना बाकीचे लोक आपणहून तुमच्याशी जोडू शकत नाहीत, फक्त तुम्ही त्यांच्याशी जोडता. क्यूबिटटॉरेंटच्या खालच्या पट्टीत जोडणीचे चिन्ह हिरवे न राहता पिवळसर दिसते ते त्यामुळे. डेबियनसारख्या गर्दीच्या टॉरेंटला याने फरक पडत नाही. दोन-तीनच लोक वाटत असलेले जुने पुस्तक मात्र अडते, कारण तेही तुमच्यासारखेच बंद दाराआड असले तर भेट होत नाही. कंपनी आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटचे नव्या पद्धतीचे पत्ते, देत असेल आणि राउटरवर ते चालू असेल तर थोडी मदत होते. अशा पुस्तकांसाठी मी संयम ठेवतो आणि एकदा उतरले की महिनोन्महिने वाटत राहतो, कारण त्या दोन-तिघांत चौथा मिळणे हेच त्या पुस्तकाचे आयुष्य असते.

जोडले जात नाही तेव्हा

एका क्रमाने बघा. आधी फोनवरचे टेलस्केल चालू आहे का. मग त्याच ॲपच्या यादीत लॅपटॉप ऑनलाइन दिसतो का. दिसत नसेल तर लॅपटॉप झोपला, बंद पडला किंवा घरचे इंटरनेट गेले. हे घरी फोन करूनच कळते. लॅपटॉप दिसतो पण पान येत नाही, तर क्यूबिटटॉरेंट सुरू झालेले नाही, बहुधा रीस्टार्टनंतर लॉगिनच झालेले नाही. यासाठी लॅपटॉपवर क्रोम रिमोट डेस्कटॉपही टाकून ठेवा. फोनवर त्याने रोजचे काम करणे त्रासाचे असते, पण लॉगिनच्या पडद्यापर्यंत ते पोहोचवते आणि अडकलेला प्रोग्राम पुन्हा उघडता येतो. पान येते, पण पासवर्ड बरोबर असूनही आत घेत नाही, तर ५ चुकांमुळे तासभराची बंदी लागली असेल. सहसा ॲपमध्ये जुना पासवर्ड राहिल्यामुळे ते होते.

यादी दिसते, पण 'पॉज' दाबून काहीच होत नाही, असे झाले तर ॲप जुने आहे. क्यूबिटटॉरेंट ५.० मध्ये 'पॉज' आणि 'रिझ्युम'चे 'स्टॉप' आणि 'स्टार्ट' झाले, आतले हुकूमही बदलले, आणि जुनी ॲप जुनाच हुकूम पाठवत राहतात. ॲप अपडेट केले की चालते. सगळेच टॉरेंट एकदम लाल झाले असतील तर बाहेरच्या डिस्कची केबल निघालेली असते. झाडताना ती निघते.

आणि लॅपटॉपच्या झाकणावर मोठ्या मराठी अक्षरांत एक कागद चिकटवा. आमच्या आईसाठी मी लिहिलेला असा आहे: 'बंद करू नये. झाकण मिटलेले चालते. वर काही ठेवू नये. हिरवा दिवा नसेल तर उजवीकडचे बटण एकदा दाबून सोडायचे, पिन टाकायचा, काळी डिस्क हाताला गरम लागते का बघायचे. राउटरचा लाल दिवा लागला तर त्याचे बटण बंद करून शंभर मोजायचे आणि परत चालू करायचे. लॅपटॉप फुगलेला वाटला तर बटण बंद करून मला लगेच फोन.' पिन कागदावर लिहिलेला नाही, तो तिच्या पाठ आहे.